अर्धे पैसे घेऊन आलेल्या भाडेकरूला परत पाठवू नका

संपादक महोदय,
नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर एक छोटी बातमी होती, सरकारी वसाहतीतल्या थकबाकीदार भाडेकरूंवर कारवाई होणार, नोटिसा लावायला सुरुवात झाली म्हणून. चारच ओळी होत्या पण आमच्या मजल्यावर ती बातमी सकाळी सकाळी घरोघर फिरली, कारण आदल्याच दिवशी आमच्या दोन चाळींत मिळून अकरा दारांवर ते कागद चिकटवून गेले होते. थकबाकीदार हा शब्द वाचला की वाचणाऱ्याला वाटतं ही माणसं फुकट राहतात, भाडं बुडवतात. मी स्वतः साडेचार वर्षं थकबाकीदार होते. म्हणून हे पत्र लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी दोन घरी पोळ्या-भाजीचं काम करते, मिस्टर रिक्षा चालवतात, परमिट स्वतःचं आहे, मुलगी नर्सिंगला आहे. राहायला पर्वतीच्या बाजूला. वसाहतीचं नाव आणि खोल्या ज्यांच्या मालकीच्या आहेत त्या ऑफिसचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण माझं भांडण एका साहेबाशी किंवा एका क्लार्कशी नाही, आणि दुसऱ्या वसाहतीतल्या बायका पण हेच सांगतात.

खोली मिळाली ती सासूबाईंना. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं त्यांचं आणि १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, त्या पाण्याने खडकवासलाही गेलं, आणि नदीकाठची त्यांची भाड्याची खोली भांड्याकुंड्यांसकट वाहून गेली. मग काही वर्षं त्या पत्र्याच्या अर्धगोल निसेन हटमध्ये काढली आणि मग ही खोली. त्या सांगायच्या, पहिल्या दिवशी चूल मांडली तेव्हा रडू आलं, कारण भिंत पक्की होती. त्या खोलीचं भाडं भरणं हे त्यांच्यासाठी देवाचा दिवा लावण्यासारखं होतं, दर महिन्याच्या १० तारखेच्या आत, स्वतः जाऊन, रांगेत उभं राहून. पावती आणली की दाराच्या मागे खिळ्याला एक जाड तार लटकवलेली असायची, खाली लाकडी चकती आणि वर आकडा केलेला, किराणा दुकानात असते ना तशी, त्या तारेत टोचून ठेवायच्या. तार भरली की सुतळीने बांधून माळ्यावर, मग नवीन तार. त्यांना सही करता यायची, वाचता फार येत नव्हतं, पण कुठली पावती कुठल्या तारेवर आहे ते त्यांना माहिती असायचं.

जानेवारी २०२० मध्ये त्या गेल्या. खोली आमच्या नावावर करायला, म्हणजे वारस नोंद करायला, आम्ही फेब्रुवारीत अर्ज दिला आणि मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. रिक्षा बंद, माझी दोन्ही कामं बंद, सोसायट्या आम्हाला गेटमधून आत घेत नव्हत्या. जे काही शिलकीत होतं ते किराण्यात आणि मिस्टरांच्या बीपीच्या गोळ्यांत संपलं. त्या वेळी राज्य सरकारच्या गृहनिर्माण विभागाने १७ एप्रिल २०२० ला घरमालकांना सांगितलं होतं की भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला, भाडं थकलं म्हणून कोणाला बाहेर काढू नका. बँकांच्या हप्त्यांनाही रिझर्व्ह बँकेने ऑगस्टपर्यंत सवलत दिली होती. आम्हाला वाटलं हे सगळ्यांनाच लागू असेल. पुढच्या वर्षी परमिटवाल्या रिक्षावाल्यांना १,५०० रुपये आले, ते आम्हालाही मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्या खोलीच्या खात्यावर या सगळ्या काळात भाडं तर चढत होतंच आणि त्यावर दंडही चढत होता, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये मिस्टर सहा महिन्यांचं भाडं, ४५० रुपये महिना म्हणजे २,७००, घेऊन ऑफिसात गेले. खिडकीवर सांगितलं की खातं मयत व्यक्तीच्या नावावर आहे, वारस नोंद झाल्याशिवाय तुमच्याकडून भाडं घेता येणार नाही. बरं मग नोंद करा. तर फेब्रुवारीतला अर्जच सापडेना. पुन्हा अर्ज, मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, सगळ्या वारसांचं १०० च्या स्टॅम्पवर ना हरकत, त्यासाठी सोलापूरहून नणंदबाईंना यावं लागलं. ते सगळं दिलं. मग साहेबांची बदली, मग निवडणुकीचं काम, मग फाईल वर गेलीय, मग फाईल खाली आलीय. एक दिवस रिक्षा बंद ठेवून जायचं म्हणजे त्या दिवसाची कमाई गेली. तीन-चार वेळा गेलो आणि मग, मी लपवत नाही, आम्ही जायचं सोडलं. इथे आमची चूक झाली. मागतच नाहीत तर बघू पुढे, असं म्हणत दिवस गेले.

एप्रिल २०२४ मध्ये दारावर नोटीस लागली. सासूबाईंच्या नावाने. त्या जाऊन चार वर्षं झाली होती आणि त्यांना लिहिलेलं की आपण भाडे भरण्यात कसूर केली आहे, एक महिन्यात खुलासा करावा अन्यथा जागा खाली करून घेण्यात येईल. मूळ भाडं २२,९५० आणि दंड ११,६६४, एकूण ३४,६१४. ज्या बाईने आयुष्यात १० तारीख चुकवली नाही तिच्या नावाने ते दारावर. मिस्टरांनी तो कागद नखाने खरवडून काढला तरी खळीचे डाग राहिले, ते अजून आहेत.

आता माझं जे मुख्य म्हणणं आहे ते इथून पुढे आहे. नोटीस लागल्यावर आठ दिवसांत मी दोन्ही घरच्या ताईंकडून पगाराची उचल घेतली, २,५०० आणि २,५००, आणि पाच हजार रुपये घेऊन स्वतः ऑफिसात गेले. पदराच्या गाठीत नाही, व्यवस्थित पाकिटात, वर पेनाने खोली नंबर लिहून. खिडकीवरच्या मॅडमनी पाकीट हातातही घेतलं नाही. म्हणाल्या, पूर्ण भरणार असाल तर भरा, पार्ट पेमेंट सिस्टीम घेत नाही. मी म्हणलं मॅडम, मग वहीत लिहून ठेवा. त्या म्हणाल्या वही आता नसते. मी म्हणलं एक साधी पोच द्या की मी पैसे घेऊन आले होते. ते पण नाही. मागे रांग होती, लोक चुळबुळ करायला लागले, मी बाजूला झाले. मॅडम काही वाईट बोलल्या नाहीत हे खरं, त्यांना पण वरून तसंच सांगितलेलं असणार.

पाच हजार घेऊन घरी आले. दहाव्या दिवशी रिक्षाचं पासिंग आलं, विमा आला, पाकीट रिकामं झालं. पासिंग नाही केलं तर रिक्षा रस्त्यावर काढता येत नाही, मग भाडं कशातून भरायचं. आमच्यासारख्या घरात पैसा टिकत नाही हो, तो आला त्या दिवशी ज्याने घेतला त्याचा झाला. दवाखाना, फी, गावाकडचं लग्न, गॅस, कोणी ना कोणी दारात उभंच असतं. म्हणून सांगते की ज्या दिवशी भाडेकरू स्वतःच्या पायाने पैसे घेऊन येतो, ते ५०० असोत नाहीतर ५,०००, त्या दिवशी ते घ्यायलाच पाहिजेत. ३४ हजार एकरकमी आणा म्हणजे घेतो, हे ज्याच्याकडे ३४ हजार आहेत त्याला सांगण्यासारखं आहे, आणि त्याच्यावर थकबाकी झालीच नसती.

आमचा पंधरा बायकांचा बचत गट आहे, अकरा वर्षं झाली, वही माझ्याकडे असते. महिन्याला प्रत्येकीचे २०० आणि कर्ज घेतलं असेल तर हप्ता. एकीचा मालक, म्हणजे नवरा, परांचीवरून, म्हणजे बांधकामावरच्या मचाणावरून पडला, सहा महिने अंथरुणात. तिचा हप्ता ८०० होता. पहिला महिना चुकला तेव्हाच आम्ही दोघी तिच्या घरी गेलो, चहा प्यायलो, आणि विचारलं किती जमेल. ती म्हणाली काहीच नाही. मग थोड्या वेळाने म्हणाली पन्नास. सात महिने आम्ही तिच्याकडून पन्नास पन्नास रुपये घेतले आणि वहीत तिच्या नावापुढे तारीख टाकून लिहिले. पन्नास रुपयाने कर्ज फिटत नाही हे काय आम्हाला कळत नाही का, पण पन्नास दिले की ती मीटिंगला येते, मान वर करून बसते. नाही घेतले की ती जिन्यात आम्हाला बघून दार लावून घेते. नंतर मालक कामाला लागला आणि तिने पूर्ण फेडलं. व्याज आम्हीही शेकडा दोन रुपये महिना लावतो, पण ते व्याज गटाच्या खात्यात जमा होतं आणि वर्षाच्या शेवटी आमच्यातच वाटलं जातं. आमच्या भाड्याच्या थकबाकीवरही महिन्याला दोन टक्केच लागले, वर्षाचे २४. तो पैसा कुठे जातो, त्यातून आमच्या चाळीची गळती का थांबत नाही, ड्रेनेजचं चेंबर पावसाळ्यात दर वेळी का तुंबतं, ते मला माहिती नाही.

पुढचा रस्ता दाखवला तो ज्यांच्याकडे मी काम करते त्यातल्या एका ताईंनी. त्या म्हणाल्या शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे जा, बाईला फुकट वकील मिळतो. मला खरं वाटेना. पण खरं आहे, १९८७ चा कायदा आहे, महिलांना उत्पन्न कितीही असो मोफत मदत, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना, अपंगांना पण, आणि बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा. १५१०० हा त्यांचा फोन नंबर आहे तो पण सगळ्यांनी लिहून ठेवा. तिथे मला एक वकील मॅडम मिळाल्या, वयाने माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षं मोठ्या असतील, पण त्यांनी जे समजावून सांगितलं ते मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

त्या म्हणाल्या, खासगी मालकाच्या भाडेकरूला १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे. भाडं थकलं तर मालकाने आधी लेखी नोटीस द्यायची, ९० दिवस थांबायचं, मगच दावा. आणि कोर्टाचं समन्स मिळाल्यावर सुद्धा ९० दिवसांत भाडेकरूने सगळी बाकी वर्षाला १५ टक्के साध्या व्याजाने आणि खर्चासकट भरली तर त्या कारणावरून घर जात नाही. पण सरकारच्या नाहीतर स्थानिक संस्थेच्या मालकीच्या जागेला हा कायदा लागूच नाही. महापालिकेची जागा असेल तर १९४९ च्या महानगरपालिका कायद्याचं कलम ८१-ब, म्हाडाची असेल तर १९७६ च्या म्हाडा कायद्याचं कलम ६६, आणि दोन्हीकडे दोन महिन्यांच्या वर भाडं थकलं की काढायची कारवाई सुरू करता येते. म्हणजे बघा, पेठेत एखाद्या वाड्यात राहणाऱ्या भाडेकरूला जे संरक्षण आहे ते आम्हाला नाही, आणि गरिबांसाठी म्हणून बांधलेल्या घरात तर आम्हीच राहतो. मालक सरकार आहे म्हणजे आपण जास्त सुरक्षित, असं आम्ही सगळे आयुष्यभर समजत आलो. उलट आहे. हे वसाहतीतल्या प्रत्येक माणसाला कळलं पाहिजे म्हणून मी कलमांसकट लिहिलं.

पण त्या असंही म्हणाल्या की नोटिशीत कारणे दाखवा लिहिलंय ना, म्हणजे कारण दाखवायचा हक्क तुमचा आहे, तो वापरा, गप्प बसू नका. मग आम्ही लेखी खुलासा दिला, टपाल शाखेत, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घेऊन. त्यात लिहिलं की भाडं आम्ही आणलं होतं, तुम्ही घेतलं नाही, वारस नोंदीचा अर्ज अमुक तारखेचा पडून आहे, आणि आम्ही हप्त्याने भरायला तयार आहोत. बरोबर माहिती अधिकारात अर्ज टाकला, १० रुपयांचं तिकीट लावून, की आमच्या खोलीचा २०१५ पासूनचा खातेउतारा द्या. २६ दिवसांनी उतारा आला.

त्या रात्री मी आणि मुलीने माळ्यावरच्या सगळ्या तारा खाली काढल्या. वर्तमानपत्र पसरून त्यावर पावत्या एक एक करून काढल्या, प्रत्येकीच्या मधोमध भोक आणि भोकाभोवती गंजाचा तांबूस गोल. उताऱ्यावर महिना वाचायचा आणि पावती शोधायची. साडेअकराला मुलगी म्हणाली आई, जून २०१९ इथे बाकी दाखवलंय. आणि पावती तिच्या हातात होती. जून, जुलै, ऑगस्ट २०१९, तीन महिने सासूबाईंनी भरलेले, शिक्का मारलेला, आणि खात्यावर चढलेलेच नाहीत. एका पावतीच्या नंबरातला आकडाच तारेच्या भोकात गेला होता, तर ऑफिसात त्यावरून पण वाद झाला, शेवटी आधीच्या आणि नंतरच्या पावतीच्या नंबरावरून त्यांनी मान्य केलं. मूळ भाड्यातून १,३५० कमी झाले आणि त्यावरचा १,५१२ दंड पण. रक्कम फार नाही. पण आमच्याकडे ती तार नसती तर आम्ही ते पैसे दुसऱ्यांदा भरले असते. आता ऑनलाईन भरणाऱ्यांनी पण मेसेजवर विसंबून राहू नका, पावती प्रिंट काढून ठेवा, मोबाईल हरवतो.

शेवटी वारस नोंद झाली, आणि एका नवीन आलेल्या साहेबांनी फाईल वाचली. मी पूर्ण सांगते, कारण चांगलं पण सांगायला हवं. त्यांनी विचारलं महिन्याला किती जमेल. चार वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी हा प्रश्न विचारला. नोटिशीनंतरच्या सहा महिन्यांचे २,७०० आधी भरून घेतले आणि मूळ २१,६०० चे बारा हप्ते पाडून दिले, १,८०० चा एक, चालू भाड्यासकट २,२५०. ऑक्टोबर २०२४ ला पहिला भरला, सप्टेंबर २०२५ ला बारावा. एकही चुकला नाही. दोन वेळा मी गटातून उचल घेतली पण चुकवला नाही. म्हणजे जी सिस्टीम पार्ट पेमेंट घेत नव्हती तीच सिस्टीम एका माणसाच्या सहीने घ्यायला लागली. मग हे प्रत्येकासाठी का नाही, त्यासाठी चांगला साहेब नशिबाने मिळायची वाट का बघायची. दंडाचे १०,१५२ अजून बाकी दाखवतात, वर पाठवलंय म्हणतात. मिळकत कराच्या थकबाकीदारांना पुणे महापालिकेने २०२० मध्ये अभय योजना दिली होती, ५० लाखांपर्यंतच्या थकबाकीवर दंडात ८० टक्के सूट. ज्याच्याकडे मिळकत आहे त्याला दंडात सूट मिळू शकते तर ४५० रुपये भाड्याच्या खोलीतल्या माणसाला का मिळू नये?

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी आहेत, एकट्या, सत्तरीच्या पुढे. त्यांना नोटीस लागली ती त्यांनी कोणाला दाखवलीच नाही, गादीखाली ठेवली. आणि एका सावकाराकडून शेकडा दहा रुपये महिन्याने पैसे घेऊन पूर्ण भरले. ऑफिसच्या दप्तरात त्या आता नियमित भाडेकरू आहेत, आणि दर रविवारी तो माणूस मोटरसायकलवर येऊन खाली हॉर्न वाजवतो. लायसन नसताना सावकारी करणं गुन्हा आहे, २०१४ चा कायदा आहे, सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते, हे आम्ही त्यांना सांगितलं, पण त्या घाबरतात. त्यांना श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १,५०० मिळायला हवे होते, अर्जच केला नव्हता. आता आम्ही केला. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला वर्षाला २१ हजारांच्या आतला लागतो, म्हणजे महिन्याचे १,७५०, एवढ्यात पुण्यात कोण जगतं ते दाखला मागणाऱ्यांनी सांगावं. भाडं वसूल करायला जो माणूस दारात येतो त्यानेच जर विचारलं असतं, आजी तुम्हाला पेन्शन चालू आहे का, तर हे सगळं झालंच नसतं.

हे मी मनाचं सांगत नाही. माझ्या नणंदेचा मुलगा इंग्लंडला लेस्टरला हाऊसिंग असोसिएशनमध्ये आहे, म्हणजे आपल्या म्हाडासारखीच कमी भाड्याची घरं देणारी संस्था, आणि त्याचं कामच हे आहे की भाडं मागे पडलं की भाडेकरूला फोन करायचा. मी त्याला व्हॉट्सअपवर सगळं विचारलं. तो म्हणाला मामी, आमच्याकडे कोर्टात जायच्या आधी काय काय करायचं याचे लेखी नियम आहेत, आणि ते पाळले नाहीत तर जज आम्हालाच विचारतो. लवकरात लवकर भाडेकरूशी बोलायचं, खात्याचा हिशोब द्यायचा, त्याची कमाई आणि खर्च बघून त्याला झेपेल असा हप्ता ठरवायचा, सरकारी मदतीचा अर्ज करायला हात द्यायचा, आणि तो अर्ज पेंडिंग असेल तर थांबायचं. तिथल्या कौन्सिलकडे अडलेल्या भाडेकरूसाठी वेगळा पैसा असतो. २०२१ पासून कर्जात बुडालेल्या माणसाला ६० दिवसांची उसंत देणारी योजना पण आहे, त्या दिवसांत दंड-व्याज चढत नाही आणि वसुलीवाले मागे लागत नाहीत. कोर्टात गेलंच तरी चालू भाडं आणि वर थोडं थोडं भरत राहिलास तर घर राहील, असा हुकूम जज देऊ शकतो. तो असंही म्हणाला की तिथे सगळं सुखाचं नाही, युनिव्हर्सल क्रेडिट म्हणून जी सरकारी मदत आहे तिचे पहिले पैसे यायलाच पाच आठवडे लागतात आणि तेवढ्यात लोक मागे पडतात, घरं जातात पण. पण आधी फोन, आधी माणूस, नोटीस नंतर. एवढंच आपल्याकडे आणायला काय खर्च आहे?

भाडं माफ करा असं मी म्हणत नाही, कोणी म्हणू पण नये. बाहेर एका खोलीला आठ-दहा हजार लागतात, आम्ही ४५० भरतो, ते भरलंच पाहिजे. आमच्यात अशी पण माणसं आहेत की खोली दुसऱ्याला चढ्या भाड्याने देऊन स्वतः फ्लॅटमध्ये राहतात आणि इथलं भाडं भरत नाहीत, त्यांच्यावर खुशाल कारवाई करा, आम्ही नावं सांगू. पण त्यांचा आणि आजींचा कागद एकच आहे, तोच छापील मजकूर, फक्त खोली नंबर वेगळा.

ऑफिसला एवढंच सांगणं आहे की माणूस जितके पैसे आणेल तितके घ्या आणि त्याची पावती द्या. वारस नोंद अडकली असेल तर ती होईपर्यंत "हक्काला बाधा न येता" असं पावतीवर लिहून भाडं घेत राहा, वकील मॅडम म्हणाल्या यात कायद्याने काही अडत नाही. दोन महिने चुकले की कागद चिकटवायच्या आधी कोणीतरी येऊन दार वाजवा, माणसं कमी असतील तर महिन्यातून एक दिवस वसाहतीच्या समाजमंदिरात टेबल टाकून बसा, आम्ही बायका सतरंजी आणि चहा बघू. वर्षातून एकदा खात्याची चिठ्ठी द्या. आणि शिवाजीनगरला लोकअदालत भरते तिथे मिळकत कराची, वीजबिलाची प्रकरणं तडजोडीने मिटतात, तशी भाड्याची पण ठेवा, तिथे झालेला निकाल दोन्ही बाजूंना बांधील असतो, त्यावर अपील नसतं.

आणि ज्यांच्या दारावर कागद लागलाय त्यांना हात जोडून सांगते, तो गादीखाली ठेवू नका. मी चार वर्षं तोंड लपवलं त्यात माझंच नुकसान झालं. कोणालातरी दाखवा, खुलासा द्या, शिक्का घ्या, जुन्या पावत्या शोधा.

आमच्या अकरा घरांना एक महिन्याची मुदत आहे, त्यातले बारा दिवस गेले. काल रात्री जिन्यात बसून आम्ही ठरवलं, सोमवारी सकाळी सगळ्यांनी मिळून जायचं, आजीपण येणार आहेत. प्रत्येकाच्या हातात खुलाशाच्या दोन प्रती आणि जमेल तेवढे पैसे असतील, कोणाचे दोन हजार, कोणाचे तीनशे. ते पैसे खिडकीवर घेतले जावेत एवढ्यासाठी हे पत्र सोमवारच्या आत छापता आलं तर बघा.

आपली,
वसाहतीतली एक भाडेकरू, पुणे
(नाव, पत्ता आणि खोली नंबर तुमच्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर दिलाय, तो छापू नये.)